टाकीच्या थांब्यावरची चार मिनिटं

४ मार्च, सोमवार

साहेबांनी आज मला 'वापरकर्ता प्रतिनिधी' करून टाकलं! बावीस वर्षं गाडी चालवली, तेव्हा गाडीबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. साखरेनं डावा पाय मांडीपर्यंत नेला, उजवा नावापुरता ठेवला — आणि आता मी तज्ज्ञ!

काम असं. आमच्या जुन्या रूटवर बारा नव्या गाड्या येणार. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्यात चढता आलं पाहिजे. त्यासाठी समिती. समितीत वाहतुकीचे मोठे साहेब, गाडीचं डिझाइन करणारी एक तरुण पोरगी, आमचा टाइमकीपर, आणि शोभेला मी. चहा चांगला होता.

खरी गोष्ट चहा संपल्यावर निघाली. "कंट्रोल रूममध्ये एक जागा आहे," साहेब म्हणाले. "बसून करायचं काम. एक मेपासून घेऊ तुम्हाला. फक्त रोज वेळेवर यायचं, स्वतःच्या बळावर. डेपोची जीप काही रोज पाठवता येणार नाही." म्हणजे बसनं. बसनं नेलं तर नोकरी, नाही नेलं तर 'वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य' असा शिक्का आणि घर. वर्षभर मी या खिडकीतून समोरच्या पिंपावरचं एकच मांजर बघतोय. मांजरसुद्धा मला कंटाळलंय.

हिला सांगितलं. ही दवाखान्याच्या कपडे धुण्याच्या खात्यातून नुकतीच आली होती, हात अजून ओले होते. "बारा गाड्या? मग झालंच की!" तिला कपड्यांतलं कळतं, मला गाड्यांतलं.

७ मार्च, गुरुवार

वर्कशॉपमध्ये गेलो. डिझाइनवाल्या पोरीनं लाकडी ठोकळ्यांचा बसचा अर्धा सांगाडा उभा केलाय — दार, वळायची जागा, खुर्ची बांधायचा पट्टा. मला "काका" म्हणते. पोरगी मन लावून काम करणारी आहे, त्याबद्दल दुमत नाही.

पण पहिल्याच फेरीला माझा बूट खांबावर आपटला! पोरगी गडबडली. मापं तर बरोबर होती, तीनदा तपासली होती. मग लक्षात आलं — मापं तिनं स्टोअरमधल्या रिकाम्या खुर्चीची घेतली होती. खुर्चीला पाय नसतात, माणसाला असतात. माझा एकच, पण तोसुद्धा खुर्चीच्या चार बोटं पुढे येतो. ती इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. म्हटलं, "बाळा, तू बरी. निदान माणूस बसवून तरी पाहिलास."

रॅम्प मात्र झकास. जुन्या दोन गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटमागे लाकडी फळी असायची, ती आम्ही हातानं टाकायचो. हा लोखंडी आहे, दुमडता येतो, घसरत नाही. डेपोत त्यालाही सगळे फळीच म्हणतात. कंडक्टर काढले तेव्हापासून फळी ड्रायव्हरच्याच गळ्यात. हँडब्रेक ओढा, उतरा, फळी उघडा, खुर्ची वर, वळवा, पट्टा, फळी बंद, पुन्हा सीटवर. पोरीनं घड्याळ लावलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद.

"चार मिनिटं! काही फार नाहीत ना, काका?"

मला हसू आलं. वेळापत्रकात एका थांब्याला वीस सेकंद आहेत.

११ मार्च, सोमवार

आज समितीत खुर्चीच्या चिन्हाचा निळा रंग गडद हवा की फिका, यावर पाऊण तास. गडद ठरला.

१४ मार्च, गुरुवार

ही झोपल्यावर लिहितोय.

आज समितीत एक बाई आल्या. स्वतःच्या खुर्चीत, ताठ बसलेल्या, पन्नाशीच्या आसपास. दाताच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या. कामाचा अभिमान चेहऱ्यावर — "केसाएवढी चूक झाली तरी माणूस जेवू शकत नाही, साहेब. तुमच्या गाडीचंही तसंच आहे." मला बाई आवडल्याच एकदम. तोंडावर बोलणाऱ्या.

मग त्यांनी सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या थांब्यावरून सकाळी सात-वीसची गाडी धरून त्या लॅबला जायच्या. आधीचा एक म्हातारा ड्रायव्हर रोज फळी टाकायचा. तो गेला, दुसरा आला. तो थांबायचा नाही. "थांबत नव्हता, पण काय सभ्य माणूस होता! गाडी हळू करायचा, काचेतून मला दोन्ही हात जोडायचा, आणि जायचा. दीड वर्ष. रोज. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट देता आल्या असत्या. नमस्काराला काय उत्तर देणार?" मग उशीर, उशीर, आणि लॅबनं काढलं. आता घरी बसून कवळ्या घासून देतात, नगाप्रमाणे पैसे.

साहेबांनी विचारलं, "ओळखाल त्याला?"

"खुर्चीवरून ड्रायव्हरचं तोंड कुठे दिसतं? काचेवर आभाळ दिसतं नुसतं. हातच दिसायचे."

मी हात मांडीवरून काढून खुर्चीच्या खाली धरले.

ते हात माझे होते.

१५ मार्च, शुक्रवार

लिहून टाकतो. इथे तरी.

म्हातारा निवृत्तीला टेकलेला, मेमोला भीक घालत नव्हता. त्याची सात-वीस माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी सहा मिनिटं मागे होतो. थांब्यावर खुर्ची दिसली, मांडीवर डबा. मनात हिशेब झाला — फळी म्हणजे चार मिनिटं, म्हणजे दहा मिनिटं उशीर, म्हणजे मेमो. हात आपोआप जोडले गेले. उद्या थांबू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं मागे होतो.

महिन्यात तीन मेमो झाले की पाळी तोडतात. पहाटे चार तास, संध्याकाळी चार तास, मधली दुपार डेपोच्या बाकावर. मला सरळ पाळी हवी होती. दुपारी घरी येऊन जेवायचं होतं, वामकुक्षी घ्यायची होती. मोठं कारण काही नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, कुणाचं काही अडलं नव्हतं. गरम जेवणासाठी मी त्या बाईंची नोकरी घालवली.

आणि एक दिवस त्या थांब्यावर नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला काय वाटलं? सुटलो! त्या दिवशी गाडी वेळेवर पोचली.

१८ मार्च, सोमवार

हिला सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबला नाही. मग म्हणाली, "त्यांनी ओळखलं नाही ना? मग तोंड शिवून बसा. एक मेपर्यंत."

"पण त्या—"

"तुमच्या खरं बोलण्यानं त्यांची नोकरी परत येणार आहे? तुमची मात्र जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बरोबर आहे तिचं. तिचं नेहमी बरोबर असतं, हाच त्रास आहे.

२१ मार्च, गुरुवार

टाइमकीपरकडे गेलो. आम्ही एका दिवशी नोकरीला लागलेले. तो कागदाकडे गेला, मी चाकाकडे. त्याच्या टेबलावर वेळापत्रकाचा तक्ता, लाल-निळ्या रेघा, चादरीएवढा. म्हटलं, यात खुर्चीसाठी चार मिनिटं घाल.

तो हसला नाही. पेन्सिल घेतली. "एक खुर्ची चढली, चार मिनिटं. उतरली, चार. झाली आठ. पाळीत सहा फेऱ्या — अठ्ठेचाळीस मिनिटं. एक फेरी बावन्न मिनिटांची. म्हणजे एका खुर्चीसाठी पाळीतली एक फेरी गेली. ती भरून काढायला जादा गाडी, जादा ड्रायव्हर. तू चार मिनिटं मागत नाहीयेस, तू गाडी मागतोयस रे."

"मग फळ्या कशाला लावतायत?"

"फळी दिसते. मिनिटं दिसत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मला मागता येईल. पण कशाच्या जोरावर? लॉगशीट काढ — खुर्चीवाला प्रवासी सोडून दिला अशी नोंद बावीस वर्षांत किती? शून्य. एक जरी असती तरी वर कागद पाठवला असता. शून्याच्या जोरावर काय मागू?"

शून्य का, ते त्यालाही ठाऊक, मलाही. सोडून दिलं असं कुठला ड्रायव्हर स्वतःच्या हातानं लिहील? मीही नाही लिहिलं.

तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असावं असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

२२ मार्च

दिवसभर मांजर पाहिलं.

२६ मार्च, मंगळवार

डेपोच्या मैदानात चाचणी. पहिली नवी गाडी, चकचकीत, गडद निळं चिन्ह. साहेब, फोटोवाला, हारबीर. रस्ता रिकामा, मागे हॉर्न नाही, गाडीत "चला की राव!" म्हणणारा एक प्रवासी नाही. कवळीवाल्या बाई तीन मिनिटं चाळीस सेकंदांत चढून, वळून, पट्टा बांधून तयार. टाळ्या! डिझाइनवाल्या पोरीच्या डोळ्यात पाणी. खरंच सुंदर काम केलंय तिनं. पायाला जागा सोडलीय — माझ्या नसलेल्या पायालासुद्धा.

बाईंनी वरूनच विचारलं, "आणि रस्त्यावर? ड्रायव्हर थांबेल कशावरून?"

साहेब म्हणाले, "आमचे ड्रायव्हर सोडून जात नाहीत, बाई. रेकॉर्ड आहे. तुमच्या त्या माणसाचं नाव द्या, आत्ता चौकशी लावतो. नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. नुसत्या गोष्टीवर वेळापत्रक कसं बदलू?"

बाईंनी सगळीकडे पाहिलं. टाइमकीपरनं तक्त्यात डोकं घातलं. मी खुर्चीच्या ब्रेकशी खेळत राहिलो. ब्रेक ठीकच होता.

२८ मार्च, गुरुवार

मीटिंगनंतर डेपोच्या व्हरांड्यात जीपची वाट बघत मी आणि बाई. दोन खुर्च्या शेजारीशेजारी, पार्क केल्यासारख्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खालची दाढ पडलीय ना? एका बाजूनं चावता तुम्ही. या एकदा घरी, माप घेते. ओळखीत काय घ्यायचं त्याचं?"

ओळखीत!

मग त्यांचं कळलं. लॅबची जागा परत निघालीय. मालक घ्यायला तयार आहे — बावीस एप्रिलपासून, आठ वाजता हजर. "आता शेवटचं बघते. या वेळी नाही जमलं तर पुन्हा कुणापुढे 'मी येईन' असं म्हणणार नाही. आपलंच तोंड किती वेळा खोटं पाडायचं?" हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. भाव विचारावा तशा.

माझ्यावर एक मेची तारीख, त्यांच्यावर बावीस एप्रिलची. दोघांची गाडी एकच. आणि मला माहीत आहे की ती थांबणार नाही. नवी असो, निळी असो, सोन्याची असो. मिनिटं नाहीत. थांबणार कशी?

१ एप्रिल, सोमवार

आज सांगणार. काहीही होवो.

१ एप्रिल, दुपारी

नाही सांगितलं. साहेबांनी कंट्रोल रूमची खुर्ची दाखवली. माझ्या उंचीचं टेबल करून घेतलंय, मुद्दाम सुताराला सांगून.

४ एप्रिल

हिनं माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेवलेत, एक मेसाठी. आत्तापासून! मी ओरडलो तिच्यावर. कारण विचारलं तर सांगता येईना. तिनं शर्ट पुन्हा कपाटात ठेवले आणि कामाला गेली.

८ एप्रिल, सोमवार

झालं. सांगून टाकलं.

शेवटची बैठक होती. अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. "थांब्यावर जादा वेळ — आवश्यकता आढळली नाही" हे वाक्य साहेब वाचत होते आणि मी मध्येच म्हणालो, "तो ड्रायव्हर मी." कुणाला कळलंच नाही आधी. मग मी हात वर केले आणि जोडून दाखवले. दीड वर्ष, सात-वीस, टाकीचा थांबा, गाडीचा नंबर, सगळं सांगितलं. म्हटलं, माझी नोंद करा. शून्याचं एक करा. मी वाईट म्हणून नाही सोडलं, मिनिटं नव्हती म्हणून सोडलं. माझ्या जागी कुणीही सोडेल.

मला वाटलं होतं, खोलीत वीज पडेल. साहेब संतापतील. तसं काही झालं नाही. साहेबांचा चेहरा चक्क मोकळा झाला! पाठ टेकून म्हणाले, "म्हणजे दोष वेळापत्रकात नव्हता. माणसात होता."

आणि त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं — एका चालकाचा वैयक्तिक हलगर्जीपणा, संबंधितावर कारवाई केली, प्रश्न मिटला. कारवाई म्हणजे कंट्रोल रूम रद्द. चार मिनिटं रद्द. एका वाक्यात दोन्ही! मी तोंड उघडलं नसतं तर निदान प्रश्न उभा तरी राहिला असता. मी जाऊन त्यांना उत्तर दिलं. आयतं!

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो शिवीची. त्या साहेबांकडे वळल्या. "मी यांचं नाव मागत नव्हते. चार मिनिटं मागत होते." आणि सही न करता निघाल्या. दाराशी खुर्ची वळवताना माझ्या खुर्चीला घासली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

हिला सांगितलं. ताट वाढलं. मी जेवलो नाही.

१० एप्रिल, बुधवार

बुटका आला होता. माझ्यामागून सात-वीस त्यालाच मिळालीय. डेपोतला सगळ्यात लहान चणीचा आणि सगळ्यात मोठ्या तोंडाचा. उंबऱ्यावरूनच सुरू — "तू पाय घालवून बसलास, आता आमचे घालवतोस काय?" हातात नोटीस. फडकावून वाचली:

'खुर्चीचे चिन्ह असलेल्या प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक फेरीत, चालकाने स्वतः उतरून रॅम्प पूर्ण उघडावा व प्रवासी नसल्याची खात्री करूनच बंद करावा. कसूर झाल्यास निलंबन. वेळापत्रकात बदल नाही. उशिराबद्दल नेहमीप्रमाणे मेमो.'

"नऊ थांबे आहेत चिन्हाचे! नऊ! हे असं कुणी करतं का? हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलंय का? थांबलं तर मेमो, नाही थांबलं तर घरी. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मधे ढकलणारा तू! सगळा डेपो तुझ्या नावानं बोटं मोडतोय."

"थांबशील का रे टाकीला?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"नोटीस काय, कुणीच पाळणार नाही. साहेबालाही ठाऊक आहे. कागद झाला, त्याचं झालं." पायरीवर थुंकायला गेला, मग हिला बघून थांबला.

१५ एप्रिल, सोमवार

नव्या गाड्या आजपासून रस्त्यावर. हिनं दोन पायऱ्या उतरवून थांब्यापर्यंत ढकललं. नको म्हणत होती. म्हटलं, एकदा बघू दे.

पहिली गाडी गेली. दुसरी गेली. तिसरीच्या ड्रायव्हरला मी स्वतः गाडी शिकवलीय, क्लचवर पाय कसा ठेवायचा ते. त्यानं नजर समोर ठेवली. हातसुद्धा जोडले नाहीत! या धंद्यात सभ्यपणा राहिला नाही.

हसून घेतलं. मग तिथेच, थांब्यावर, रडलो. ही माझ्या पाठीशी उभी राहून खुर्चीचे दांडे धरून होती. लोक बघत होते. बघेनात का!

१७ एप्रिल

बाईंना फोन केला. उचलला नाही. उचलून बोलायचं तरी काय होतं? चुकलो म्हणायचं? म्हटलं की त्यांना "असू दे" म्हणावं लागणार. तेवढा भारही त्यांच्यावर का टाकू?

१९ एप्रिल, शुक्रवार

टाइमकीपरचा फोन. डेपोत वातावरण वाईट आहे. काल बाई सराव म्हणून टाकीच्या थांब्यावर आल्या होत्या. सात-वीसला बुटका होता. थांबला! का कोण जाणे. फळी टाकली, घेतलं त्यांना. आठ मिनिटं उशीर झाला आणि मेमो हातात. त्याच दुपारी दुसरा एक जण थांबला नाही. कुणीतरी तक्रार केली, तो निलंबित. एकाच दिवसात दोघं! एकाला थांबला म्हणून, एकाला थांबला नाही म्हणून.

"आता तर कुणीच थांबायचं नाही," टाइमकीपर म्हणाला. "आणि सगळे तुलाच शिव्या घालतायत. डेपोकडे फिरकू नकोस काही दिवस." मी कशाला फिरकतोय? फिरकायला बस लागते.

सोमवारी बावीस तारीख. बाईंचा पहिला दिवस.

२१ एप्रिल, रविवार

उद्या वही उघडणार नाही. उघडून लिहायचं काय — गेल्या की नाही गेल्या, ते मला इथे बसून कळणारही नाही. बरंच आहे. मी बोललो नसतो तर एक माणूस नोकरीत राहिला असता, म्हणजे मी. आणि त्या निलंबित पोराचं घर चाललं असतं. खरं बोलून मी कुणाचंच भलं केलं नाही. इतकी वर्षं गाडी चालवली, पण कुठे ब्रेक मारायचा ते कळलं नाही.

एक मेचे शर्ट हिनं आज रोजच्या वापरात काढले. मला न विचारता. बरं केलं.

२२ एप्रिल, सोमवार

पावणेदहाला टाइमकीपरचा फोन. ओरडत होता. तुमच्या गल्लीच्या तोंडापासून टाकीपर्यंत गाड्यांची रांग लागलीय, म्हणाला. सकाळपासून प्रत्येक ड्रायव्हर चिन्हाच्या प्रत्येक थांब्यावर उतरतोय, नोटिशीतली ओळ मोठ्यानं वाचतोय, फळी टाकतोय. थांब्यावर कुणी असो, नसो! थांबलं तरी मेमो, नाही थांबलं तरी निलंबन, मग नोटीस शब्दन्‌शब्द पाळू, म्हणतायत. "रिकामी फळी दीड मिनिटात होते रे! हे पुरी चार घेतायत! घड्याळ लावून! तुला शिव्या देत देत! आणि लॉगशीटवर लिहितायत, सगळेच्या सगळे — थांबलो, चार मिनिटं, थांबलो, चार मिनिटं. साहेब खाली येऊन बसलेत माझ्यापुढे. आता तो तक्ता मलाच नव्यानं काढावा लागणार, गाढवा!"

"बाई?" मी विचारलं.

"गेल्या. पहिल्याच गाडीनं."

ही दारात उभी राहून ऐकत होती. तिनं शर्ट आणला.

"मला कुठे जायचंय आता?" म्हटलं.

"ते गाडीत बसल्यावर ठरवू," म्हणाली. "हात वर करा."